देवानं पाडला

आमच्या बैलबाजारात बैलांना नाल ठोकणारा तो माणूस दोर टाकून एका हिसक्यात बैल आडवा करतो आणि दर वेळी पुटपुटतो, "म्या नाई पाडला, देवानं पाडला." रविवारी तो चर्चमध्ये प्रार्थनेला जातो. बायबलातल्या बाबेलच्या गर्विष्ठ राजाला देवानं बैलासारखं गवत खायला लावलं, ही गोष्ट तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो.

नाल ठोकेपर्यंत मालकानं बैलाचं डोकं धरून खाली बसायचं, हा त्याचा नेम. परवा सरपंच आपला बैल घेऊन आले, पण पांढऱ्या कपड्यांत उभेच राहिले. खिळा अर्धा खुरात गेला होता, दोर सैल पडत होता. यानं हातोडी खाली ठेवली.

"बसा, सरपंचसाहेब."

"काऊन? तू मले बसवून राह्यला?"

बैलानं पाय झाडला तसा माझा बैल घेऊन पाळीला थांबलेला मी मागं सरलो. शेवटी सरपंचांनी शेणात गुडघे टेकले. लोक हसले. तोही हसला.

सरपंच गेल्यावर मी माझा बैल पुढं केला. त्यानं हातोडी उचललीच नाही.

"आज नको, गुरुजी," तो म्हणाला. "सरपंच बसले तवा मले वाटलं, म्याच पाडलं त्यायले."