थांबाबाई

रेवतीच्या कॉलेजात साळवीबाईंना सगळे थांबाबाई म्हणत. शिकवायच्या समाजशास्त्र, पण तोंडात सदा एकच शब्द, ‘थांबा.’ मी जात्याच उतावळी. त्यामुळे पहिल्याच दिवशी आमची जुंपली.

रेवती माझी एकुलती एक लेक. तिला जन्मापासून डाउन सिंड्रोम. प्रश्न कळतो, उत्तरही असतं, पण ते जिभेवर यायला वेळ लागतो. तेवढा धीर कुणाला? खरं सांगते, मलाही नव्हता. बारावीनंतर नातेवाईक म्हणाले, ‘पुरे आता, कशाला पोरीचे हाल?’ मी हट्टाने तिला बी.ए.च्या प्रवेशाला घेऊन गेले. बाईंनी तिला विचारलं, ‘नाव काय गो तुझं?’ मी म्हटलं, ‘रेवती.’ ‘काय आवडतं?’ मी म्हटलं, ‘चित्रं काढायला.’ बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ‘अॅडमिशन तुमचं आहे का?’

काय आगाऊ बाई आहे, म्हटलं मनात! पण गप्प बसले. बऱ्याच वेळाने रेवती म्हणाली, ‘चित्रं नाही. माणसं बघायला.’ पोटची पोर, अठरा वर्षं सांभाळलेली, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

वर्गात तिला प्रश्न विचारला की मागची मुलं उत्तर पुरवायची. बाई हात वर करायच्या. ‘दापोलीच्या एसटीला तासभर थांबता ना, मेल्यांनो? मग हिच्यासाठी एक मिनिट थांबा. उत्तर निघालंय, वाटेत आहे.’ पुढे पुढे मुलंच एकमेकांना गप्प करू लागली, असं तिची मैत्रीण सांगायची.

दर रविवारी बाई एकेक धडा चिठ्ठ्यांवर उतरवून द्यायच्या. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून त्यांनी केलेला अर्ज दोनदा परत आला. त्यांनी तिसऱ्यांदा केला. मी चिडले तर म्हणाल्या, ‘थांबायचं, पण हटायचं नाही.’

शेवटच्या वर्षी रेवतीने प्रकल्प केला तो मासळी विकणाऱ्या बायकांवर. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे सर आले होते. त्यात नापास झाली असती तर पदवी गेली असती. मी दाराबाहेर उभी, देवाला हाका मारत. सरांनी विचारलं, ‘हे सगळं तू स्वतः केलंस?’ आत सरांनी पान उलटल्याचं ऐकू आलं. बाई म्हणाल्या, ‘थांबा.’ माझ्या ओठांवर ‘हो’ आलेलं, पण तोंडावर हात दाबून धरला. मग रेवतीचा आवाज आला, ‘हो. बाईंना मासळीचा वास सोसत नाही. त्या बाजाराबाहेर उभ्या होत्या.’ सर खो खो हसले आणि पुढचे प्रश्न सावकाश विचारू लागले.

निकाल लागेपर्यंत बाई निवृत्त झाल्या होत्या, आणि त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. पेढे घेऊन आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. उजवा हात मांडीवर पडलेला, जीभ जड. एवढी फटकळ बाई अशी बघवेना. रेवतीने गुणपत्रिका त्यांच्यापुढे धरली. बाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, ‘पु… पु…’

मला राहवेना. म्हटलं, ‘पुढे काय, असंच ना बाई? पुढे काय असणार! घरीच राहील आता, माझ्या मसाल्याच्या कामात मदत करील.’

रेवतीने माझा हात धरला. ‘आई, थांब. बाई बोलतायत.’

आम्ही थांबलो. बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एकेक शब्द ओढून काढावा तशा त्या म्हणाल्या, ‘अॅडमिशन… तुमचं… आहे का?’

‘नाही हो बाई,’ म्हटलं, आणि मला रडूच फुटलं.

मग आम्ही दोघी रेवतीकडे बघत बसलो. पुष्कळ वेळाने ती म्हणाली, ‘एम.ए.’