माल अडवणारा खंडू

दिघीचा खंडू स्वतःचा ट्रक स्वतःच चालवायचा. चाकणच्या एका ट्रान्सपोर्टनं आपल्याकडचा माल सनी नावाच्या दलालाला दिला, आणि सनीनं तो परस्पर खंडूच्या गळ्यात घातला. इथं भाडी फोनवरच ठरतात, दलालाला डोळ्यांनी कुणी बघत नाही. "अर्धं भाडं आत्ता, अर्धं माल पोचल्यावर," सनी म्हणाला होता.

माल घेऊन तमिळनाडूतल्या होसूरला पोचल्यावर सनीचा फोन बंद. अशा वेळी ट्रकवाल्याच्या हातात एकच गोष्ट असते, पैसे येईपर्यंत माल उतरू द्यायचा नाही. खंडूनं ताडपत्री सोडली नाही.

ट्रान्सपोर्टचा मॅनेजर फोनवर खेकसला, "सगळं भाडं सनीला दिलंय. तुला आम्ही ओळखत नाही."

"मग माल कुणाच्या भरवशावर माझ्या गाडीत भरला?"

मॅनेजरनं उत्तराऐवजी पोलीस पाठवले. माल उतरला, राहिलेलं अर्धं भाडं बुडालं.

खंडू घरी यायच्या आत त्याच्या ट्रकचा फोटो चाकणच्या सगळ्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ग्रुपवर फिरला. हा माल अडवतो, याला भाडं देऊ नका. ज्यानं बुडवलं त्याचा फोटो मात्र कुणाकडेच नव्हता.

ट्रक तळवड्याच्या रस्त्याकडेला उभा राहिला. हप्ते थकले, चाकांभोवती गवत वाढलं. एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"सोनू बोलतोय, भाऊ. गाडी मोकळी आहे का? अर्धं भाडं आत्ता, अर्धं माल पोचल्यावर."

आवाज सनीचाच होता. खंडूच्या ओठांवर शिवी आली. त्यानं गवतातल्या चाकांकडे बघितलं आणि ती गिळली.

"गाडी कुठं लावू?" त्यानं विचारलं.