दादाच्या कानावरचे पावणेचार लाख

दादा मंगळवारी गेला. वहिनी चहा घेऊन खोलीत गेल्या तेव्हा तो खुर्चीत होता. कानावर हेडफोन होता आणि गाणं चालू होतं. "चहा ठेवते," वहिनी म्हणाल्या. दादाने उत्तर दिलं नाही. गाणं चालू असताना तो उत्तर देत नसे. वहिनींनी गाणं संपेपर्यंत वाट पाहिली. गाणं संपायला पाऊण तास लागला.

मी त्याचा धाकटा भाऊ. तो दौंडला राहायचा, मी शिरूरला राहतो. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, तो रेल्वेत मालगाडीचा गार्ड होता. मी आयुष्यभर लोकांना "हळू बोला" सांगत आलो आणि तो आयुष्यभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून खडखडाट ऐकत आला. त्या डब्याला स्प्रिंगा असतात म्हणे. दादाच्या मते त्या फक्त कागदावर असतात. निवृत्त झाल्यावर पुण्याला कान तपासले तेव्हा डॉक्टरांनी एक आलेख हातात दिला. त्यातली रेघ अर्ध्यापर्यंत सरळ चालत होती आणि मग विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती. खालचे आवाज बरे, वरचे जवळपास गेलेले. डॉक्टरांनी श्रवणयंत्र घ्यायला सांगितलं. दादाने महिनाभर विचार केला आणि इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन घेतला.

हा काय प्रकार असतो ते सांगतो, कारण मलाही माहीत नव्हतं. साध्या हेडफोनमध्ये लोहचुंबक असतो आणि तारेचं वेटोळं असतं. यात दोन्ही नसतात. यात दोन जाळीदार पत्र्यांच्या मध्ये एक पडदा ताणलेला असतो, कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ. त्याला पाचशे ऐंशी व्होल्टचा दाब द्यावा लागतो. त्यासाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो आणि त्याची पाच पिनांची जाड वायर दुसऱ्या कशालाही बसत नाही. दादा पुण्याला जाऊन हे सगळं घेऊन आला आणि गाडीत खोकं ठेवायला जागा असूनही ते मांडीवर घेऊन बसला. एकूण पावणेचार लाख.

"डोक्याला पाचशे ऐंशी व्होल्ट लावायचं?" वहिनींनी विचारलं.

"व्होल्ट असत्यात, पण करंट नसल्यासारखाच असतोय त्यात."

"मग पैसे कशाचे घेतले?"

या हेडफोनची कीर्ती मुख्यतः वरच्या सुरांसाठी आहे, असं मी पुढे वाचलं. झांजेची किणकिण, तंबोऱ्याच्या तारेवरची चकाकी, असलं सगळं त्यात फार स्वच्छ येतं. म्हणजे जे ऐकण्यासाठी लोक एवढे पैसे देतात, नेमकं तेच दादाला ऐकू येत नव्हतं. हे मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "खालचं तरी स्वच्छ येतंय का न्हाई?" मी म्हटलं, खालचं चार हजारांतही येतं. तो म्हणाला, "तू पुस्तक वाच."

हे गेल्या दिवाळीतलं. मी दौंडला गेलो होतो आणि त्याच दिवशी आमचा चुलतभाऊही आला होता. पाबळच्या बाजूला त्याचा मंडप आणि साऊंडचा धंदा आहे. आवाजातलं आपल्याला कळतं, असं त्याचं म्हणणं असतं आणि धंदा चालतो म्हटल्यावर ते खोटं म्हणता येत नाही. त्याने हेडफोन कानावर घेतला, मान हलवली, काढला, आत फुंकर मारून पाहिली. दादा खुर्चीतून अर्धा उठला.

"दादा, ह्यात बेसच न्हाई."

"बेस हाय. दणका न्हाई."

"दणका न्हाई तर बेस कशाचा? आपला सेट लागला की घोडी नवरदेवाला घिऊन पळती. पावणेचार लाखात पिकअपसकट सेट बसवून दिला असता. सगळा गाव ऐकतोय त्यात. ह्यात एक माणूस ऐकणार, त्यो बी अर्धा बहिरा."

"म्हणून तर चांगला घेतला. तुझ्या गावाचं कान शाबूत हायेत, त्यांना काय बी चालतंय."

एवढं बोलून दादाने हेडफोन कानावर घेतला आणि डोळे मिटले. चुलतभाऊ आणि मी समोर दिवाणावर बसलो. हेडफोनमधून बारीक आवाज बाहेर येत होता, डब्यात माशी अडकल्यासारखा. मी शिरूरहून न्हावऱ्यावरून दोन गाड्या बदलून आलो होतो आणि सकाळपासून दादा माझ्याशी "तू पुस्तक वाच" यापलीकडे फारसं बोलला नव्हता.

"आप्पा, ह्याचं पुढं काय व्हायचं?" चुलतभावाने विचारलं.

"काय व्हायचंय? दादा गेला की पहिलं हे भंगारात," मी म्हणालो.

चुलतभाऊ हसला. दादाचे डोळे मिटलेले होते आणि खुर्चीच्या हातावर त्याचं बोट ठेका धरत होतं. ते बोट थांबलं नाही. निदान मला थांबल्याचं आठवत नाही. चार महिन्यांनी दादा गेला तेव्हा मला एवढी एकच गोष्ट हवी होती. ते वाक्य त्याला ऐकू गेलेलं नसावं. एवढं मोठं यंत्र कानावर असताना कसं ऐकू जाईल, असं मी स्वतःला सांगत होतो.

दादाला मूलबाळ नव्हतं, म्हणून सगळं माझ्या हातून झालं. दहाव्याला आम्ही भीमेच्या घाटावर होतो. पिंड मांडले, हात जोडले आणि मागे सरकलो. घाटाच्या कठड्यावर एक कावळा बसला होता. तो आला नाही. वहिनी म्हणाल्या, माझी काळजी करू नका, पेन्शनचं मी बघते. कावळा आला नाही. मी म्हणालो, वहिनींना मी काही कमी पडू देणार नाही. त्याने चोच कठड्याला घासली. पाऊण तास झाला. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि हळूच म्हणाले की अकरा वाजता दुसऱ्या घरचं दहावं आहे, फार तर दर्भाचा कावळा करू.

"थांबा," चुलतभाऊ म्हणाला. "जीव कशात अडकलाय ते मला कळलंय." आणि लग्नात वरातीला पुढे सरकायला सांगतात त्या आवाजात तो ओरडला, "दादा, हेडफोन विकणार न्हाई!"

कावळा कठड्यावरून खाली उतरला.

"सरकला! सरकला!" मागून कोणीतरी म्हणालं.

"रोज पुसून ठिवू!"

कावळ्याने मान तिरकी केली.

"वहिनी ऐकतील!"

कावळा दोन उड्या मागे गेला. सुतकातली माणसं हसायला लागली. वहिनीही पदर तोंडाला लावून हसल्या.

"बरं, आप्पा ऐकतील! रोज! अर्धा तास!"

कावळा आला आणि त्याने भात उचलला. मागचे एक मामा म्हणाले, "तासभर म्हणला असतास तर आधीच आला असता."

मी असल्या गोष्टी मानत नाही. कॉलेजात याविषयी मी दोनदा भाषणही केलं आहे. पण कावळा पुढे आला तेव्हा माझ्या तोंडून "भंगारात देणार नाही" असं निघालं. ते कुणाला ऐकू आलं नसावं. चुलतभाऊ दिवाळीतलं माझं वाक्य केव्हाच विसरला होता.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. चुलतभाऊ मला शिरूरला सोडायला गाडी घेऊन थांबला होता. निघण्याआधी शब्द पाळायला सुरुवात करावी म्हणून मी दादाच्या खुर्चीत बसलो आणि हेडफोन कानावर घेतला. कान झाकले जाताना आत चुर्र झालं. पडदा फाटला असं वाटून मी पुन्हा काढला. नंतर कळलं की आत हवा दाबली गेली की तो पडदा असाच बोलतो. मग दादाने शेवटी ऐकलेलंच गाणं मी लावलं. गाणाऱ्या बाईंनी आलाप सुरू करण्याआधी ओठ उघडले, ते मला ऐकू आलं. मग श्वास. त्यांच्या मागे कोणीतरी मांडी बदलली. मला रागाचं नाव सांगता येत नाही, पण ती मांडी बदललेली मी शपथेवर सांगू शकतो.

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "आप्पांना काय कळतंय वहिनी त्यातलं? डोळं मिटलं की झालं, वाचनालयात बी असंच करत असतील."

मला वाटलं हे गाण्यातच आहे. मग वहिनींचं "हळू बोला" ऐकू आलं आणि भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. वहिनी आणि चुलतभाऊ स्वयंपाकघरात होते. मी हेडफोन काढून पाहिला. कानाच्या बाहेरच्या बाजूला नुसती जाळी होती, आणि तिच्यामागे अडवणारं काही नव्हतं. हा हेडफोन मुद्दामच उघडा बनवतात. गाणं त्यातून बाहेर येतं हे मी दिवाणावर बसून ऐकलं होतं. ज्या वाटेने ते बाहेर येतं त्याच वाटेने आमचं बोलणं आत जाणार, हे साठीच्या पुढच्या दोन माणसांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

तरी दोन आशा उरल्या होत्या. दादाला कमी ऐकू यायचं आणि माझा आवाज मुळात खालचा. मग डॉक्टरांचा आलेख आठवला. खालचे आवाज बरे होते.

मी वहिनींना म्हणालो, "वहिनी, जरा दादाच्या खुर्चीत बसता का? मला एक बघायचंय."

वहिनी त्या खुर्चीत कधी बसल्या नव्हत्या. त्या कडेला बसल्या. दादासारखं कमी ऐकू यावं म्हणून मी देव्हाऱ्यातला वातीचा कापूस आणून त्यांच्या कानांत घालायला दिला, वरून हेडफोन लावला आणि तेच गाणं लावलं. चुलतभावाला दिवाणावर त्याच्या जागी बसवलं आणि मी माझ्या जागी बसलो.

"हॅलो, माईक टेस्टिंग," चुलतभाऊ म्हणाला.

"तू बोलू नको." मग मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणालो, "उद्या पाऊस येईल."

"आता कुठला पाऊस?" वहिनी डोळे मिटूनच म्हणाल्या.

"आप्पा, ह्यो काय प्रयोग न्हाई," चुलतभाऊ म्हणाला. "पावसाचं कुणाला बी ऐकू येतंय. तवा जे बोलला तेच बोला की. काय बोलला व्हता?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला खरंच आठवत नव्हतं. मग मी भिंतीकडे बघून म्हणालो, "दादा गेला की पहिलं हे भंगारात."

चुलतभावाचा चेहरा उतरला.  वहिनींनी हेडफोन दोन्ही हातांनी काढून मांडीवर ठेवला आणि कानातला कापूस काढला.

"ह्याच्यासाठी बसवलं व्हय मला? हे मला ठावं हाय भाऊजी. त्याच दिवशी जेवताना सांगितलं ह्यांनी."

"काय सांगितलं?"

"म्हणाले, धाकट्याला सांग, भंगारवाला किलोवर घेतोय. ह्यात वजनच न्हाई. पाव किलोचं बी पैसं यायचं न्हाईत."

चुलतभाऊ हसणार होता, पण थांबला.

"हसून म्हणाला का?" मी विचारलं.

वहिनींनी कापसाची गोळी केली. "त्या दिवशी न्हाई. त्या दिवशी अर्धी भाकरी तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी हसले. मग आठ दिवस तेच चाललं व्हतं, दूधवाला आला तरी त्याला सांगायचं. ह्यांना सगळं ऐकू यायचं. कोण आलं, काय बोललं, सगळं मला जेवताना सांगायचे. गाणं किती ऐकायचे, मला म्हाईत न्हाई."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही पुन्यांदा आलाच न्हाईत की."

ते खरं होतं. दिवाळीनंतर मी चार महिने दौंडला गेलो नव्हतो.

"मी अर्धा बहिरा म्हणलो ते बी ऐकलं असंल मग," चुलतभाऊ खाली बघून म्हणाला.

"ते तर तुम्ही त्वांडावर म्हणाला व्हता," वहिनी म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

आम्ही हेडफोन गादीत गुंडाळून शिरूरला आणला. चुलतभावाने कधी नव्हे ते खड्डे चुकवत गाडी चालवली आणि वाटेत एकदाही त्याच्या सेटचा विषय काढला नाही.

कॉलेजातले एक प्राध्यापक परवा घरी आले होते. त्यांना गाण्याचा नाद आहे आणि निवृत्तीचे पैसे हातात आले आहेत. त्यांनी विचारलं, एवढे पैसे घालावेत का? मी त्यांना अर्धा तास ऐकवलं आणि मग घेऊ नका म्हणून सांगितलं. आपल्या वयाच्या कानांना यातलं निम्मं कळत नाही. धुळीला जपावं लागतं, वीज गेली की सगळं मुकं होतं, आणि घरातलं कोणी काही बोललं तर तेही ऐकावं लागतं. ते म्हणाले, मग तुम्ही रोज का ऐकता? मी म्हणालो, तसं ठरलं आहे. घाटावरची हकीकत मी त्यांना सांगितली नाही.

मी महिन्यातून दोनदा दौंडला जातो. रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून झालं की अर्धा तास हेडफोन लावतो. सध्या डाव्या बाजूचा आवाज उजव्यापेक्षा कमी येतो. पुण्यात दुरुस्त होत नाही, जपानला पाठवावा लागेल असं दुकानदार म्हणतो. मी पाठवलेला नाही. तसाच ऐकतो.