नियमाचं दुसरं वाक्य

"मॅडम हवा खायला गेल्या व्हत्या का उसात?"

बांधावरून गेटकडे परत येताना कानावर पडलं. ट्रक लावून उभा असलेला ड्रायव्हर बोलला होता. बाकीचे हसले. मॅनेजर गेटवरच उभे होते. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं,

"पोस्ट सोडून कुठं गेला होतात?"

मी माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले.

"विचारतोय मी. कुठं?"

सगळ्यांना माहीत होतं कुठं. तरी ते माझ्या तोंडून हवं होतं, ड्रायव्हर लोकांसमोर. माझी मान खाली. "सॉरी, सर," एवढंच निघालं.

जुन्नरजवळचं द्राक्षांचं पॅकहाऊस होतं ते. आमच्या सिक्युरिटी एजन्सीला नुकतंच लायसन मिळालं होतं. बायांच्या पिशव्या तपासायला बाईच हवी म्हणून गेटवर मी. सकाळी शिनोलीहून एसटीनं यायचं, सात ते सात उभं राहायचं. ऑफिसात संडास होता. त्याला कुलूप, किल्ली मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये. एकदा मागितली होती. "तो स्टाफसाठी आहे." स्टाफमध्ये आम्ही धरलेलेच नव्हतो.

मी पाणी प्यायचं सोडलं. डिंभ्याच्या हौसाबाई द्राक्षं निवडायला यायच्या. एक दिवस पिशवी दाखवताना म्हणाल्या, "पोरी, व्हट बघ कसं उलल्यात तुजं. पानी पी की वाईच." त्या जेवणाच्या सुट्टीत चौघीपाचजणी मिळून उसात जायच्या. मला सुट्टीच नव्हती. ड्रायव्हर हसले त्या दिवशी ओटीपोटात कळ आली, थांबवेना, म्हणून गेले. पाच मिनिटं. जास्त नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला आम्ही सगळे गार्ड उभे असताना मॅनेजरनी कागद पुढं केला. विनाकारण पोस्ट सोडली, असं इंग्रजीत टाईप केलेलं.

"इंग्लिश मीडियमच्या ना तुम्ही? वाचा आणि सही करा."

शेजारी दुसऱ्या गेटचे तानाजीभाऊ होते. वडिलांच्या वयाचे. हळूच म्हणाले, "कर सई, ताई. रूलच हाय तसा. तूच तर सांगितला आमाला."

खरं होतं. मीच सांगितला होता.

ट्रेनिंगला एजन्सीनं नियमांची पुस्तिका दिली होती, सगळी इंग्रजीत. ती बाकीच्या गार्डना मराठीत सांगायचं काम एजन्सीच्या सुपरवायझरनी मला दिलं. कपडे स्वच्छ ठेवा. ओळखपत्र लावा. ड्युटीवर दारू नको. कुणालाही अरेतुरे नको. बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडू नका. त्याच्या पुढं आणखी एक वाक्य होतं. मी तोंड उघडलं, तर सुपरवायझर म्हणाले, "तेवढं राहू दे, पुढचं घ्या." आणि मी पुढचं घेतलं. भीती नव्हती. सवय होती. शाळेत बाईंनी सांगितलं की पान उलटायचं, तशी.

माझ्यामुळे वीस माणसांना अर्धा नियम माहीत होता. त्या अर्ध्यावर ती सगळी बारा बारा तास पोट आवळून उभी होती.

मी तो कागद घडी न घालता मॅनेजरच्या हातात परत दिला. आणि बोलले. आवाज फाटला, तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"मी लघवीला गेले होते. हे विनाकारण नाही. तानाजीभाऊ, त्या नियमाचं पुढचं वाक्य मी तुम्हाला सांगितलंच नाही, चूक माझी. गार्डनं मागितला की बदली माणूस लगेच द्यायचा, असं लिहिलंय तिथं. साहेब, मी आत्ता मागतेय. बदली माणूस द्या आणि संडासाची किल्ली द्या. सही मी करणार नाही."