लिंबाजीकाका आणि शेवटचं कडवं

कंप्युटरला हात लावण्याआधी लिंबाजीकाका त्याच्या डब्याला कान लावायचे. चपला दाराशी, टोपी खिशात, आणि मग टेबलाखाली मांडी घालून, डोळे मिटून ऐकत बसायचे. मी काही विचारायला गेले की बोट वर करायचे. येलदरीच्या वीजघरात सगळी नोकरी झालेली. तिथे मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखायची सवय लागली, ती निवृत्तीनंतर आमच्या परभणीच्या गल्लीत आली. "आधी आवाज, मंग हात," म्हणायचे. गाण्यांच्या सॉफ्टवेअरमधला बिघाड डब्याला कान लावून कसा कळणार, असं मी एकदा विचारलं. "न्हाई कळत. पर मन थाऱ्यावर येतंय ना," म्हणाले.

कंप्युटर ते मुलाकडून शिकले, म्हणजे मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि जुना कंप्युटर घरी सोडून गेला, त्यावर. बटण दाबून काय होतं ते वहीत लिहून ठेवायचे. वर्षभरात गल्लीतलं कुणाचंही मशीन अडलं की काकांना बोलावणं जायचं. आई चहा घेऊन आली तर मात्र रागवायचे. "वहिनी, मशीन उघडं टाकून च्या पेत नसतेत. आदी काम." मग काम संपल्यावर बशीत ओतून, आवाज करत, दोन कप प्यायचे.

आमच्या घरचं काम वेगळं होतं. माझे बाबा, किसन, काकांच्याच वीजघरात फिटर होते आणि भीमगीतं गायचे. जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत त्यांच्या गायन पार्टीला बोलावणं असायचं. बाबा गायला, काका पेटीवर. कार्यक्रमांच्या चौदा कॅसेट घरात होत्या. या गाण्यांची एक रीत असते, शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव येतं. बाबा गाण्याच्या शेवटी आपलं नाव घ्यायचे, 'किसन' मधला 'स' लांब ओढून, आणि समोरचे लोक त्याच जागेला टाळी द्यायचे. लहानपणी मी स्टेजच्या कडेला त्या जागेची वाट बघत जागी राहायची. बाबा गेल्यावर त्यांच्या तोंडून त्यांचं नाव ऐकायचं तर फक्त त्या कॅसेटमध्येच होतं.

म्हणून कॅसेटच्या फिती चिकटायला लागल्या तेव्हा मी काकांकडे गेले. माझी सगळी उन्हाळ्याची सुट्टी त्यांनी त्यात घातली. जुना टेपरेकॉर्डर तारेने कंप्युटरला जोडायचा, एकेक बाजू पूर्ण वाजू द्यायची, मग गाणी वेगळी करायची. मी झरीच्या शाळेत शिकवते. शाळा सुरू झाली तसे ते सगळ्या कॅसेट आणि उतरवलेली गाणी आपल्या घरी घेऊन गेले, उरलेलं काम तिथे करतो म्हणून. महिन्याभराने सगळी गाणी माझ्या कंप्युटरवर आली. कॅसेट परत मागितल्या तर म्हणाले, "बुरशी चढली व्हती माय. फेकल्या." मला वाईट वाटलं, पण गाणी होती ना.

गाणी वाजवायच्या सॉफ्टवेअरने मग काही कमी छळलं नाही. एकच गाणं तीन-तीनदा दिसायचं. बाबांच्या नावाच्या जागी 'अज्ञात कलाकार' यायचं, आणि आई चिडून म्हणायची, "ह्याला काय कळतंय?" एकदा फोल्डरचं नाव मी बदललं, तर प्रत्येक गाण्यापुढे उद्गारचिन्ह आलं आणि एकही वाजेना. दर रविवारी काका यायचे, कान लावायचे, दुरुस्त करायचे. मलाही शिकवायचे. गाण्यांची यादी नावाने कशी लावायची, लांबीने कशी लावायची, फाइल शेवटची कधी बदलली ती तारीख कुठे दिसते. "मशीन खोटं बोलत न्हाई माय. त्यानं काय काय लिवून ठिवलंय ते वाचायला शिक." बाबा गेल्यावर माझ्याशी इतका वेळ घालवणारा दुसरा माणूस नव्हता. हे मी अजून नाकारत नाही.

दोनेक वर्षांनी ते सॉफ्टवेअर आपणहून नवीन झालं आणि त्याच्या सगळ्या सेटिंग पहिल्यासारख्या कोऱ्या झाल्या. त्या दिवशी मी पोळ्या करत गाणी लावली. बाबांचा आवाज चढत चढत गेला आणि कापल्यासारखा थांबला. मग शांतता, मग दुसरं गाणं. तेही तसंच थांबलं. मी काकांना फोन केला. ते आले, आणि त्या दिवशी डब्याला कान न लावताच सरळ सेटिंगमध्ये गेले. तिथे एक सोय असते. एक गाणं संपता संपता त्याच्यावर पुढचं चढवायची. ती त्यांनी पुन्हा चालू केली. "बग, झालं." खरंच झालं. बाबांचा आवाज बारीक होत गेला आणि दुसरं गाणं त्याच्यावर आलं. आजवर असंच ऐकत आले होते मी. कंप्युटरवर बाबांचं नाव कधीच ऐकू आलं नव्हतं, आणि मला वाटत राहिलं की पुढच्या गाण्याच्या गडबडीत ते हुकतं.

ते चहा न घेता गेले. मी ती सोय बंद केली आणि एकेक गाणं शेवटपर्यंत ऐकलं. एकालाही शेवटचं कडवं नव्हतं. मग त्यांनीच शिकवलेलं केलं. फाइली बदलल्याच्या तारखेप्रमाणे यादी लावली. सगळी गाणी कॅसेटवरून उतरवल्यानंतरच्या एकाच आठवड्यात पुन्हा उघडून बदललेली होती. ती काकांच्या घरी होती त्या महिन्यातल्या आठवड्यात. या माणसाला मी रविवारी बाबांच्या खुर्चीवर बसवत होते.

सकाळी त्यांच्या घरी गेले. शांताकाकू तांदूळ निवडत होत्या. मी दारातूनच विचारलं, "काका, शेवटची कडवी कुठे आहेत?"

त्यांनी कबूल करायला एक क्षणही लावला नाही. "कापली म्या."

"आणि कॅसेट?"

"जाळल्या."

"का?"

"तेवडंच कडवं माजं न्हवतं, माय. बाकीचं समदं गानं माजं हाय."

काकूंचा हात थांबला, पण त्यांनी मान वर केली नाही. काका सांगायला लागले ते जणू कितीतरी वर्षं मनात घोळवून पाठ झालेलं होतं. गळा बाबांचा, लिहिणं त्यांचं. "माज्या नावावर लिवलेली ओळ हाय ती. 'लिंबाजी' बसतंय तितं बराबर. तुज्या बापाचं नाव आखूड पडायचं, म्हनून त्याला ओढून गावं लागायचं. पैल्या वर्साला म्हनला, चुकून तोंडातून गेलं. दुसऱ्या वर्साला म्हनला, आता लोकायच्या तोंडी बसलंय, ऱ्हाऊ दे. मंग म्या बी पेटी वाजवत ऱ्हायलो. काय करू? गळा न्हवता मला."

मी मनातल्या मनात ती ओळ म्हणून बघितली. लिंबाजी. बरोबर बसत होतं. ज्या ओढलेल्या 'स'साठी मी लहानपणी जागी राहायची, तो चोरीच्या मापातला फरक होता.

"मला सांगायचं होतं, काका."

"तुला? तुज्या बापाबद्दल? कोन्या तोंडानं?"

"मला फक्त बाबांच्या तोंडून बाबांचं नाव ऐकायचं होतं. तेवढंच होतं माझ्याकडे." मला रडू आलं.

ते म्हणाले, "माज्याकडं बी तेवडंच व्हतं, माय."

घरी येऊन आईला विचारलं. आई म्हणाली, "मला ठाव व्हतं." इतकंच. मग जरा वेळाने, "तुजा बाप वाईट न्हवता. टाळी लागली का त्याला दुसरं कायी दिसायचं न्हाई." म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. बाबांनी फसवलं, आईने लपवलं, आणि काकांनी दोन वर्षं माझ्या शेजारी बसून, मला यादी लावायला शिकवत, तोंडातून शब्द काढला नाही. मी कुणाकुणावर रागवायचं? आई म्हातारी होती, बाबा नव्हते. सगळा राग काकांवर काढला. रविवार बंद झाला. गल्लीत समोरून आले की मी फोनमध्ये बघायची. त्यांनी एकदा थांबून विचारलं, "मशीन बरं चालतंय ना?" मी पुढे निघून गेले. मी हे प्रेमाने लिहिते आहे की रागाने, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

मागच्या वर्षी काका गेले. विहारात शोकसभा होती. कार्यकर्ते माझ्याकडे आले. काकांची पेटी ज्यात वाजलीय ती गाणी फक्त तुमच्याकडे आहेत, पेन ड्राइव्हमध्ये द्या म्हणाले. मी दिली. काकू पुढच्या रांगेत, फोटोच्या अगदी समोर बसल्या होत्या. गाणं सुरू झालं. काकांची पेटी, बाबांचा गळा, आणि दोन्ही माणसं गेलेली. लोक डोळे पुसायला लागले. मग आवाज चढला आणि कापल्यासारखा थांबला.

"मशीन बंद पडलं वाटतं," कुणीतरी म्हणालं. लाऊडस्पीकरवाला वायर हलवायला लागला. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्याने शेवटचं कडवं सुरू केलं. त्याला पाठ होतं. त्याच्या शेजारच्यालाही पाठ होतं. बघता बघता सगळं विहार गायला लागलं. आणि ओळ आली तेव्हा दोनशे माणसांनी माझ्या बाबांचं नाव घेतलं, मधला 'स' तस्साच ओढून, आणि त्याच जागेला टाळी दिली.

जे ऐकायला मी इतकी वर्षं तडफडले, ते माझ्या चारी बाजूंनी ऐकू येत होतं. समोर हार घातलेला काकांचा फोटो होता. काकूंनी पदर तोंडाशी धरला होता, आणि गात नव्हत्या त्या एकट्याच. मला उठून ओरडून सांगायचं होतं, हे नाव खोटं आहे, गाणं ह्यांचं आहे, त्यांना निदान आज तरी द्या. पाय उचलले गेले नाहीत. बापाचं नाव होतं ते. कडवं संपेपर्यंत मी बसून राहिले आणि पुढे जाऊन काकूंना काहीच बोलले नाही.