मथुरा नावाच्या म्हशी

काळाचौकीच्या चाळीत दर्शना घाडीला सगळे 'दूधवाली मॅडम' म्हणत. तिने जन्मात कधी म्हशीची धार काढली नव्हती. तिचं ऑफिस परळला, गिरणीच्या जागेवर उठलेल्या एका टॉवरमध्ये, आणि गोठा पार मुरबाडच्या पुढे. पण तिच्या कंपनीचं, 'सकाळधार'चं, दूध ज्या ज्या घरी जाई, त्या घराची तक्रार, कौतुक, सुट्टी, सगळं तिच्या फोनवर येई. आधी ती एका कुरियर कंपनीत लोकांच्या शिव्या ऐकायच्या टेबलावर होती. तिथून इथे आली तेव्हा तिला वाटलं, चला, निदान दुधावरून कोण एवढं भांडणार.

लग्न तिने केलं नव्हतं. आई, शांता, जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ती आणि वडील, गुणाजी. म्हातारा एकेकाळी गिरणीत होता. आता सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा आणि कंपनीची दुधाची बाटली आली की येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. "माझ्या चेडवाच्या कंपनीचा दूध."

कंपनीचा मालक अभय, चांगला शिकलेला, आवाज न चढवणारा माणूस. मुऱ्हा जातीच्या म्हशी घेऊन त्याने गोठा उभा केला होता. पहिलं वर्ष हौसेत गेलं. दुसऱ्या वर्षी सरकी पेंड महागली, चाऱ्याचा भाव चढला, आणि टॉवरमधली गिऱ्हाइकं दोन-चार महिन्यांत गळायला लागली. "दूध चांगलंय हो तुमचं, पण पिशवीच्या जवळजवळ दुप्पट पडतं," असं सांगून लोक फोन ठेवायचे. म्हशीला काय, गिऱ्हाईक असो नसो, वैरण लागतेच. एका मीटिंगमध्ये अभयने गोठा निम्मा करायचं बोलून दाखवलं. तेव्हा दर्शना बोलली.

"सर, म्हशींना नावं देऊ या. प्रत्येक घराला एक म्हैस ठरवून द्यायची. बाटलीवर तिचं नाव, घरी तिचा फोटो. लोक दूध बंद करतात सर, पण मथुराला बंद करायला त्यांचा जीव होणार नाही."

मथुरा हे नाव तिला त्या क्षणी सुचलं. कमळी, रेवा, चांदणी ही मागाहून. ती स्वतः मुरबाडला गेली, फोटो काढून आणले. गोठ्यातलं सगळं दूध एकाच टाकीत जमा होतं, एकत्रच गार होतं, हे तिला ठाऊक होतं. कुठल्या बाटलीत कुणाचं दूध, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पण एवढं तर सगळेच करतात, असं तिने मनाला समजावलं.

आणि आयडिया चालली. कल्पनेपेक्षा जास्त चालली. लोक फोनवर "कमळीला ताप नाही ना? आज साय पातळ वाटली," असं विचारू लागले. गावाला जाताना एक बाई म्हणाल्या, "रेवाला सांगा, आठ दिवस नको. रागावू नको म्हणावं." ऑफिसात हसाहशी झाली. अभयने सगळ्यांसमोर दर्शनाला खुर्चीवरून उठायला लावून टाळ्या वाजवल्या. त्या वर्षी गणपतीत चाळीच्या मंडळाने तिला शाल दिली, आणि गुणाजी पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होता.

पुढे म्हशी आटायला लागल्या. म्हैस व्यायली की काही महिने दूध देते, मग आटते. पुन्हा गाभण राहून व्यायेपर्यंत नुसती खाते. अभयने तिला शांतपणे समजावलं. "भाकड जनावर सांभाळायचं म्हणजे महिनोन् महिने चारा घालायचा आणि बदल्यात शेण घ्यायचं. व्यापारी जुनी नेतो, ताजी व्यायलेली आणून देतो. गोठा असाच चालतो, दर्शना. सगळीकडे."

"आणि नावं?"

"नवीनला द्या. आहे काय त्यात?"

तिने दिली. फोटोसुद्धा बदलले नाहीत. काळी म्हैस काळ्या म्हशीसारखीच दिसते. मथुरा गेली, मथुरा आली. ती गेली, आणखी एक मथुरा आली. बाटलीवरचं नाव तेवढं तेच राहिलं.

परळच्या जुन्या वस्तीत नॉर्मा परेरा राहायच्या. मूळच्या मुंबईच्या ख्रिश्चन घरातल्या. हॉस्पिटलात नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. सोबत थोरला भाऊ रूपर्ट, आयुष्यभर गोदीत काम केलेला. त्याला अर्धांगाचा झटका आला, डावा हात गेला, बोलणं अडखळू लागलं, खाण्यावरचं मन उडालं. नॉर्मा फोनवर दर्शनाला म्हणाल्या होत्या, "पोरी, काय सांगू तुला, चमचा तोंडाशी नेला की मान फिरवतो. पण बाटली आली की नाव वाचतो. म-थु-रा. आणि पितो. तेवढंच पितो." मथुराचा फोटो त्यांनी पलंगाशेजारी, मदर मेरीच्या तसबिरीखाली लावला होता. हे ऐकून दर्शनाला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. ते आठवलं की पुढे तिचे कान तापायचे.

रूपर्ट हळूहळू वॉकर धरून चालू लागला आणि त्याने एकच हट्ट धरला. मथुराला बघायचं. कंपनी गिऱ्हाइकांना रविवारी बसने गोठा दाखवायला नेत असे. दर्शनाने टाळून पाहिलं. रस्ता खराब आहे, ऊन आहे. नॉर्मा म्हणाल्या, "त्याने शर्ट काढून ठेवलाय गो. इस्त्री करून."

त्या रविवारी रूपर्ट खरोखरच पांढराशुभ्र शर्ट घालून आला. गोठ्यात शिरल्यावर त्याने रांगेवरून नजर फिरवली आणि दर्शनाकडे बघितलं. कुठली? एवढ्यात गोठ्याचा मुकादम सीताराम पुढे झाला. हसतमुखाने एका म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हीच तुमची मथुरा, बाबा. बघा, तुम्हाला ओळखलं हिने."

रूपर्टने वॉकर सोडला. नॉर्मांनी त्याला मागून धरलं. त्याने चांगल्या हाताने म्हशीच्या मानेवरून हात फिरवला, मग गाल तिला टेकवला, आणि तुटक तुटक शब्दांत म्हणाला, "सॉरी हां. लेट झाला. मी... बरा नव्हतो." पांढऱ्या शर्टाला शेण लागलं, ते त्याच्या गावीही नव्हतं. इतर गिऱ्हाइकं फोटो काढत होती. कुणीतरी नाक ओढलं.

बस निघताना सीताराम दर्शनाजवळ आला. हलक्या आवाजात, शाबासकीची वाट बघत म्हणाला, "मॅडम, बरोबर बोललो ना? तुम्ही सांगितलं होतं तसंच."

तिने असं काही कधी सांगितलं नव्हतं. पण सांगायची गरजही पडली नव्हती. नवीन म्हैस आली की तिला कुठलं जुनं नाव द्यायचं, ते तीच तर त्याला कळवायची. ती मान हलवून बसमध्ये चढली आणि मुंबई येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली, कारण मागच्याच सीटवर रूपर्ट झोपेत हसत होता.

घरी आल्यावर गुणाजीने विचारलं, "गे, काय झाला? तोंड कित्याक उतरला?" तिने सगळं सांगितलं. म्हातारा ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे बदली."

गुणाजी बरीच वर्षं गिरणीत बदली कामगार होता. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. कायमचा कामगार कुणी आला नाही तर त्याच्या जागी आत घ्यायचे. "आत माका कोण गुणाजी म्हणूक नाय," तो म्हणाला. "ज्येचो माग, त्येच्या नावान हाक. मी पण ओ देय होतंय." त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. "पण मी सांजचो घराक येय होतंय. तुमच्यो म्हशी खंय जातत?"

दर्शनाला माहीत नव्हतं. इतक्या दिवसांत तिने विचारलंच नव्हतं. दुधाची तक्रार असती तर तिने टाकीपासून टेम्पोपर्यंत सगळं खणून काढलं असतं. हे मात्र तिने स्वतःला कळू दिलं नव्हतं.

रूपर्टने गालाशी धरलेली म्हैस आटली तेव्हा व्यापारी यायच्या दिवशी दर्शना मुरबाडला जाऊन उभी राहिली. तिने ठरवलं होतं, ही एक ठेवून घ्यायची. पण तिथे पोचली तर नव्या म्हशी आधीच उतरल्या होत्या, बांधायला जागा नव्हती, आणि सीताराम दावी सोडत होता. तिने व्यापाऱ्याला विचारलं, "कुठे नेता यांना?"

तो बुटका, घामेजलेला माणूस हसला. वाईट नाही हसला. "ताई, विकली ना तुम्ही? मग आता कशाला विचारता?"

एक शब्द बोलली असती तर ती म्हैस थांबली असती. अभयला फोन केला असता तर तो कुरकुरत का होईना, हो म्हणाला असता. पण सगळे बघत होते, ट्रकवाला घाई करत होता, आणि 'म्हशीसाठी मॅडम रडल्या' असं ऑफिसात होईल याची तिला लाज वाटली. नको त्या गोष्टीची लाज तिला वेळेवर वाटली आणि हवी त्या गोष्टीची ट्रक गेल्यावर. ट्रकची मागची फळी वर गेली. म्हशीने मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ती अभयच्या केबिनमध्ये गेली. नावं बंद करा म्हणाली. अभयने तिचं पूर्ण ऐकून घेतलं.

"मी तर कानात नंबरच मारले असते, दर्शना. नावं तुम्ही दिलीत."

"म्हणूनच मी बंद करा म्हणतेय."

"आता ती तुमची राहिली नाहीत ना. त्याच्यावर गोठा उभा आहे. सीताराम आणि त्याची माणसं त्याच्यावर जेवतात."

त्याचं चूक नव्हतं, हेच तिला जड जात होतं. शेवटी तिने दुसरा मार्ग काढला. मुरबाडकडे जनावर वाट्याने द्यायची चाल आहे. भाकड म्हैस एखाद्या घराने न्यायची, रानात चारायची, व्यायेपर्यंत सांभाळायची. मग वाट्यात त्याला रेडकू किंवा पुढचं दूध. अभयने हिशेब मांडला, खर्च व्यापाऱ्यापेक्षा फार जास्त येत नव्हता. निम्म्या म्हशींसाठी तो हो म्हणाला. त्या कामाला दर्शनाला आठवड्यातून एकदा गावोगाव फिरावं लागे, आणि ती फिरे. काही म्हशी परत येऊन दूध देऊ लागल्या. काही तिथेच मेल्या. काही त्या घरांनीच विकून टाकल्या आणि तिला रानात हरवली म्हणून सांगितलं. तिने फार चौकशी केली नाही. कुठल्या तोंडाने करणार होती? उरलेल्या निम्म्या व्यापाऱ्याच्याच ट्रकने जात राहिल्या.

नावांचं काम तिने सोडलं. ते दीपिका नावाच्या नव्या मुलीकडे गेलं. तिने काढलेले फोटो दर्शनाच्या फोटोंपेक्षा कितीतरी चांगले होते. गळ्यात झेंडूची माळ, मागे हिरवं रान.

एवढं सगळं झाल्यावर मग ती नॉर्मांकडे गेली. रूपर्ट आत झोपला होता. स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं. टाकी, बदललेल्या म्हशी, ट्रक, सगळं. नॉर्मांनी गॅस बारीक केला. त्या रागावतील, बाटल्या बंद करतील, निदान घराबाहेर काढतील, अशी तयारी करूनच ती आली होती. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मी नर्स होते गो," नॉर्मा म्हणाल्या. "मी पण पेशंटला पुष्कळ खोटं सांगितलंय. पण त्याच्यासाठी. तू कोणासाठी सांगितलं?"

"त्याला काय बोलायचं नाय," नॉर्मा पुढे म्हणाल्या. "तो जेवायचं सोडेल. तू महिन्यातून एकदा यायचं आणि त्याला मथुराची खबर सांगायची. तू चालू केलंस, तूच निभाव."

"मावशी, मला नाही जमणार."

"जमवायचं."

तेव्हापासून ती दर महिन्याला जाते. पलंगाजवळच्या स्टुलावर बसते. रूपर्टचं बोलणं आता बरंच सुधारलंय. तो मथुराचं बारीकसारीक विचारतो. पाय बरा आहे का, पाणी पुरतं का, रात्री डास चावतात का. ती उत्तरं देते, आणि आदल्या महिन्यात काय सांगितलं होतं ते लक्षात ठेवते. नॉर्मा दाराशी उभ्या राहून ऐकतात.

परवा तो म्हणाला, "व्याली काय?"

दर्शना म्हणाली, "हो, व्याली."

"रेडा की रेडी?"

"रेडी," ती म्हणाली. दूध न देणारा रेडा गोठ्यात कुणी ठेवत नाही; त्याचं पुढे काय झालं, हे तिला सांगावं लागलं असतं.

रूपर्टचा चेहरा फुलला. त्याने नॉर्माला हाक मारून तीच बातमी पुन्हा सांगितली, आणि मग दर्शनाकडे वळून विचारलं, रेडीचं नाव काय ठेवलं. दर्शनाला एकही नाव सुचेना.