डांबराखालचे दोनशे चौदा व्हॉल्व्ह

चावीकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली असती, तर त्यांनी मागे वळूनही पाहिलं नसतं. पाणीखात्यात एकतीस वर्षं झाली. खांद्यावर छातीएवढी उंच लोखंडी चावी आणि काम एकच, या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडायचा, त्या गल्लीचा बंद करायचा. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा मग. रोजच्या व्हॉल्व्हचं एक ठीक आहे, पण वर्षा-दोन वर्षांनी कधीतरी लागणारे जे असतात, त्यांच्यावर रस्तेवाले खुशाल डांबर ओतून मोकळे होतात. असे दोनशे चौदा व्हॉल्व्ह जमिनीत गडप होते. कुठे आहेत, हे कुठल्याही कागदावर नव्हतं. काकांना मात्र ते तोंडपाठ होते.

आणि काका महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. तेव्हा कुठे खात्याला जाग आली.

साहेबांनी त्यांच्या हातात एक कॅमेरा ठेवला आणि खिशात काडेपेटीएवढं एक यंत्र. साहेब तरुण, बोलायला गोड, पण घाईचा माणूस. म्हणाले, "काका, हे यंत्र उपग्रहांना विचारून सारखं लिहून ठेवतं, किती वाजता तुम्ही कुठे होतात ते. फोटोवर त्याची वेळ असतेच. दोन्ही वेळा जुळवल्या की फोटो आपोआप नकाशावर बसतो. तुम्ही फक्त चाला आणि फोटो काढा."

काका चालले. आठ दिवस, रोज सकाळी. आठवलेल्या जागी थांबायचं, डांबरावर खडूने फुली मारायची, शेजारी नंबर घालायचा आणि वाकून फोटो काढायचा. फोटोत काय, काळं डांबर आणि पांढरी फुली. सगळे फोटो सारखेच. खडू तासाभरात गाड्यांच्या चाकांना लागून जायचा, पण त्याची फिकीर कुणाला होती? नकाशा होणारच होता. फोटो जुळवायचं काम काकांच्या लेकीने घेतलं. ती घरांचे आराखडे काढणाऱ्या कचेरीत होती, कॉम्प्युटर तिच्या हातचा मळ. दोनशे चौदा लाल ठिपके नकाशावर उमटले तेव्हा काकांनी चष्मा न लावताच मान डोलावली आणि नकाशा साहेबांकडे गेला.

साहेबांनी काकांच्या सुट्टीच्या दिवशी तीन ठिकाणी खणलं. तिन्ही ठिकाणी माती.

"काका, इस्पितळाचा मोठा व्हॉल्व्ह सलूनसमोर कसा हो?"

"सलूनसमोर? फाटकासमोर आहे तो. डाव्या खांबापासून चार पावलं."

"पण फोटो तुम्ही सलूनसमोर काढलाय. यंत्र सांगतंय. आणि चहाच्या टपरीखाली तर पाच व्हॉल्व्ह दाखवलेत तुम्ही." साहेब हसले नाहीत, हे जास्त वाईट. "आता रस्तेवाले आणखी एकच खड्डा खणू देतील. तो चुकला तर नकाशा रद्द. राहू दे काका, वय होतं माणसाचं."

काका भांडले असते. एरवी नाकावर माशी बसू न देणारा माणूस! पण त्यांनी चावी खांद्यावर टाकली आणि घरची वाट धरली. कारण त्यांचा थोरला भाऊ, ज्याने त्यांना हीच चावी धरायला शिकवली, तो दोन गल्ल्या पलीकडे राहायचा आणि काका भेटायला गेले की अदबीने विचारायचा, "बसा ना, आपण कोण?" दादाचंही असंच सुरू झालं होतं. आधी रस्ते चुकले, मग माणसं.

यंत्र खोटं कशाला बोलेल? आपण फाटकासमोर वाकलो होतो हे काकांना लख्ख आठवत होतं, पण दादालाही त्याचं लख्खच आठवायचं. व्हॉल्व्ह गेले खड्ड्यात, आपलं डोकंच तर रिकामं होत चाललं नाही ना? हा प्रश्न कुणाला विचारायचा? काकांनी घरी मिठाची गुळणी धरली. बायकोने काय झालं विचारलं तर म्हणाले, "काही नाही, गुडघा." लेकीला तर नकाशा पुन्हा उघडूच देईनात.

पण लेक कुणाची? तिने रविवारी सकाळी तो उघडलाच, आणि चहाचा कप घेऊन त्यांच्यापुढे बसली.

"बाबा, रोजचे शेवटचे दोन-तीन फोटो नकाशावर बसतच नव्हते. ते मी अंदाजाने, हाताने बसवले होते. आज नीट बघितलं, तर यंत्र बंद झाल्यानंतरची वेळ आहे त्यांच्यावर. तुम्ही यंत्र आधी बंद करत होतात?"

"नाही. कॅमेरा पिशवीत, मग यंत्र बंद. रोज." मग आवाज खाली आला. "म्हणजे, असंच करत असेन."

तो "असेन" तिला लागला. बाबा असं बोलणारे नव्हेत. ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग त्यांच्या मनगटाकडे.

"कॅमेऱ्यात वेळ कुणी लावली?"

"मीच. माझ्या घड्याळावरून."

आता या घराचा एक वेडेपणा सांगायला हवा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी काका एकदा उशिरा पोचले आणि अख्खी वस्ती कोरडी राहिली. त्या दिवसापासून त्यांचं घड्याळ बारा मिनिटं पुढे. भिंतीवरचं पुढे, गजराचं पुढे. घरातली माणसं इतकी वर्षं मनातल्या मनात बारा वजा करत आली होती की आपण वजाबाकी करतोय हेही विसरली होती. यंत्र चालत होतं उपग्रहांच्या वेळेवर आणि कॅमेरा काकांच्या! फाटकासमोरचा फोटो नकाशाने बारा मिनिटं पुढे नेऊन ठेवला, जिथे काका तोवर पोचले होते. आणि टपरीवर ते निवांत बसायचे, म्हणून त्याआधी काढलेले पाच फोटो तिथे गोळा झाले.

लेकीने सगळ्या फोटोंमधून बारा मिनिटं काढली. ठिपके सरकले. इस्पितळाचा ठिपका फाटकासमोर, डाव्या खांबाजवळ जाऊन बसला. काकांनी या वेळी चष्मा लावून पाहिला. मात्र जोवर कुदळ लोखंडावर लागत नाही तोवर त्यांना चैन पडणार नव्हतं.

सोमवारी दहा वाजता इस्पितळाच्या फाटकासमोर शेवटचा खड्डा. काका काठावर उभे, हात मागे बांधलेले, चेहरा उतरलेला. दीड फुटावर माती. दोन फुटांवरही माती. साहेब घड्याळ बघायला लागले. अडीच फुटांवर कुदळ खणकन वाजली आणि मजूर म्हणाला, "झाकण आहे."

काका खड्ड्यात उतरले, हाताने माती सारली. मग तिथेच बसून त्यांनी घरी फोन लावला.

"सापडला," ते बायकोला म्हणाले. "अगं, मी घाबरलो होतो. वाटलं, दादासारखं झालं मला."

मग बायको बोलली.

"गेले आठ दिवस तुम्हाला यादी न देता दुकानात पाठवत होते मी. दहा-दहा वस्तू तोंडी सांगायचे. एकही विसरला नाहीत. तरी तुम्ही दाराबाहेर पडलात की मला रडू यायचं."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? झोपेत पुटपुटत होतात, डावा खांब, चार पावलं."

"मग बोलायचं नाही का माझ्याशी?"

"तुम्ही बोललात?"

साहेब वरून विचारत होते, "काका, पुढचा कुठला घ्यायचा?" काकांनी चिखलाच्याच हाताने डोळे पुसले आणि एक बोट वर करून त्यांना जरा थांबायला सांगितलं.